दोन डगरींवर पाय : कलाकारांचा मॅनेजर मालिकेचा निर्माता होतो तेव्हा

हे प्रकरण ज्या गृहस्थांचे आहे त्यांचे हिशेब मी २०१४ पासून पाहतो. त्यांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात, म्हणून इथेही तेच संबोधन ठेवले आहे. त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे. मात्र ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. कर सल्लागार या नात्याने मी त्या व्यवहारात हजर होतो आणि पुढे जी चूक झाली तिच्यात माझाही वाटा होता, त्यामुळे मला पूर्णपणे तटस्थ मानू नये.

भाऊ बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले. वडील ऊसतोडीचे मुकादम होते. कारखान्याकडून उचल आणायची, ती कोयत्यांना, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांना वाटायची, दिवाळीनंतर टोळी घेऊन निघायचे, उन्हाळ्याच्या तोंडावर हंगाम संपेपर्यंत ती उचल कामातून फेडून घ्यायची आणि तोडलेल्या टनांवर कमिशन कमवायचे, असा तो धंदा. मुकादम मजुरांचा की कारखान्याचा, या प्रश्नाला तिथे एकच एक उत्तर नसते. भाव वाढवून मागताना तो मजुरांच्या बाजूने बोलतो, आणि एखादा कोयता अर्ध्या हंगामात पळून गेला की कारखाना मुकादमाच्याच मानेवर बसतो, तेव्हा तोच मुकादम रात्री-अपरात्री त्या माणसाच्या दारात उभा राहतो. भाऊंनी लहानपणी वडिलांची वही सांभाळली. पुढे त्यांनी कलाकारांचा धंदा कसा केला हे समजायचे असेल तर त्या वहीपासूनच सुरुवात करावी लागते.

२०११ च्या सुमारास त्यांनी छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, औरंगपुऱ्यातल्या एका दुकानाच्या माळ्यावर कार्यालय थाटले. गणेशोत्सव, नवरात्र, भीमजयंती, गावोगावच्या जत्रा, सहकारी संस्थांचे वर्धापनदिन आणि निवडणुकांचा हंगाम एवढ्यावर मराठवाड्यातल्या रंगमंचीय कलाकाराचे वर्ष चालते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची जत्रा मार्गशीर्षाच्या शेवटी भरते. तिथे ज्याचा कार्यक्रम रंगला त्याच्या पुढच्या चार महिन्यांच्या तारखा बहुधा तिथेच ठरतात. गायक, लावणीच्या पार्ट्या आणि विनोदी कलाकार यांच्या सुपाऱ्या घेणे, म्हणजे त्यांच्या कार्यक्रमांच्या तारखा आयोजकांशी ठरवणे, हे भाऊंचे काम होते. त्यांच्या लांब लाल वहीच्या डाव्या पानावर तारीख, गाव, नाइट (एका रात्रीच्या कार्यक्रमाची बिदागी) आणि घेतलेली उचल असे, उजव्या पानावर साउंड, गाडी, जेवण आणि बाकी. खाली कलाकाराची सही, आणि जिथे सही येत नाही तिथे अंगठा. कमिशन सरसकट १५ टक्के. कलाकाराला त्याच रात्री, गाडीत बसण्याआधी, रोख किंवा फोनवरून पैसे पोचले पाहिजेत, हा त्यांचा नियम होता. आयोजकाने थकवले तर ते भाऊंचे आणि आयोजकाचे भांडण. कलाकाराचा त्याच्याशी संबंध नाही. या एका नियमावर त्यांच्याकडे चांगले कलाकार आले आणि टिकले, असे माझे मत आहे.

त्या कलाकारांमध्ये जिंतूरकडचे दोन मावसभाऊ होते. मोठेपणाची हौस असलेला एक माजी ग्रामपंचायत सदस्य आणि त्याला मोटारसायकलवर फिरवणारा त्याचा भाचा, अशी दोन पात्रे ते नऊ वर्षे रंगमंचावर करत होते. लिहिलेली संहिता कधीच नव्हती. ‘मपलं’ (माझं), ‘तुपलं’ (तुझं), ‘कामून’ (का) अशा अस्सल बोलीत, समोर कोणते गाव बसले आहे ते पाहून, संवाद जागेवर घडत. २०१७ पासून त्यांच्या चित्रफिती यूट्यूबवर होत्या. जोडीची नाइट ४० हजारांवर आली होती.

२०२२ च्या पावसाळ्यात एका मराठी वाहिनीकडून भाऊंना बोलावणे आले. वाहिनीला याच दोन पात्रांवर दैनंदिन विनोदी मालिका हवी होती, ती मराठवाड्यातच चित्रित व्हावी असाही आग्रह होता, आणि कलाकार भाऊंच्या शब्दाबाहेर नाहीत हे कळल्यामुळे निर्मितीची विचारणा थेट भाऊंनाच झाली. हे सहसा घडत नाही. आमच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने आणि इथल्या हौशी रंगभूमीने कलाकार भरपूर दिले. चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी यांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था याच शहरात उभी राहिली आणि मग मुंबईला गेली. मकरंद अनासपुरेही इथूनच गेले. पण टेबलाच्या पलीकडे बसून करार करणारा माणूस मात्र मराठवाड्यातून फारसा गेला नाही. गावाकडच्या मालिका वाई, सातारा, कोल्हापूर, नाशिक या भागांत होतात, कारण तिथे सामान, तंत्रज्ञ आणि वाडे हाताशी आहेत. भाऊंना मोह पडला तो पैशांइतकाच या गोष्टीचाही होता.

पैशांचे गणित बाहेरून दिसते तसे नव्हते. वाहिनी भागाला २ लाख देणार होती. महिन्याला २६ भाग धरले तर ५२ लाखांचे बिल. आमच्या अंदाजाने खर्च ४६ लाख, म्हणजे कागदावर महिन्याला ६ लाख सुटणार. मात्र बिलानंतर ९० दिवसांनी पैसे मिळणार होते. तीन महिन्यांचा खर्च १ कोटी ३८ लाख होतो, आणि तो खिशातून घालूनच पहिला रुपया हाती यायचा होता. शिवाय जीएसटी बिलावर लागतो, पैसे मिळाल्यावर नव्हे. ५२ लाखांवर १८ टक्क्यांनी ९ लाख ३६ हजार रुपये पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचे. त्यातला काही भाग कॅमेरा आणि लाइटवाल्यांच्या बिलात आधीच दिलेला असतो आणि त्याची वजावट मिळते, पण खिशातून जायचा तो जातोच. तीन महिन्यांचे ते २८ लाख धरून १ कोटी ६६ लाखांची सोय करावी लागणार होती. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत, असे २००६ चा कायदा सांगतो. मी तो भाऊंना दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि माझ्यापुढे परत सरकवला. ‘‘साहेब, पहिल्याच बैठकीत कायदा काढला तर दुसरी बैठक होईल का?’’

आता खरा पेच. मॅनेजर म्हणून भाऊंचे काम होते की कलाकारांना जास्तीत जास्त मानधन मिळवून द्यावे आणि ते लवकरात लवकर मिळवून द्यावे. निर्माता म्हणून त्यांचा फायदा होता मानधन कमी ठेवण्यात आणि ते उशिरा देण्यात. वाहिनी ९० दिवसांनी देते, म्हणून कलाकारांनाही ९० दिवस थांबवायचे, ही तर या व्यवसायातली रूढ रीत आहे. शिवाय जे मानधन भाऊ स्वतःच देणार त्यावर स्वतःच १५ टक्के कमिशन कापायचे का, हा प्रश्न होताच.

मी त्यांना हॉलिवूडमधले एक प्रकरण सांगितले, कारण हा पेच तिथे फार पूर्वीपासून चघळला गेला आहे. कॅलिफोर्नियात कलाकाराला काम मिळवून देणारा एजंट आणि त्याच्या एकूण कारकिर्दीकडे पाहणारा मॅनेजर असे दोन वेगळे व्यवसाय मानले जातात. एजंटला राज्याचा परवाना लागतो. मॅनेजरला लागत नाही, पण त्याला कायद्याने काम मिळवून देता येत नाही. एजंटने निर्माता व्हायचे नाही, हा संकेत तिथे जुना आहे. १९५२ मध्ये एमसीए या बलाढ्य एजन्सीला चित्रपट कलाकारांच्या संघटनेने त्यातून खास सूट दिली, तेव्हा संघटनेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन होते. दहा वर्षांत ती कंपनी इतकी वाढली की १९६२ मध्ये अमेरिकी न्याय खात्याच्या दबावाखाली तिला एजन्सीचे काम सोडावे लागले. मॅनेजरवर मात्र निर्मितीची अशी बंदी नव्हती, आणि त्या मोकळ्या फटीतून ब्रॅड ग्रे यांच्यासारखी माणसे मोठी झाली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९५७ साली जन्मलेला हा माणूस विनोदी कलाकारांचा मॅनेजर म्हणून पुढे आला, बर्नी ब्रिलस्टीन या जुन्या जाणत्या मॅनेजरचा भागीदार झाला, एचबीओ या अमेरिकी वाहिनीवरच्या ‘द लॅरी सँडर्स शो’ आणि नंतर ‘द सोप्रानोज’ या मालिकांचा कार्यकारी निर्माता झाला आणि २००५ मध्ये पॅरामाउंट स्टुडिओच्या प्रमुखपदी पोचला. मॅनेजरच्या खुर्चीवरून याहून वर जाता येत नाही.

पण मध्येच १९९८ मध्ये एक गोष्ट घडली. ‘लॅरी सँडर्स’चा नायक आणि कर्ता गॅरी शँडलिंग हा ग्रे यांचा वर्षानुवर्षांचा कलाकार. त्याने त्यांच्यावर १० कोटी डॉलरचा दावा लावला. मॅनेजर म्हणून कमिशन, निर्माता म्हणून मानधन आणि मालिकेच्या मालकीत हिस्सा अशा तीन बाजूंनी ग्रे यांनी कमाई केली, आणि माझ्या मालिकेच्या यशाचा वापर स्वतःचे व्यवहार वाढवण्यासाठी केला, अशी तक्रार होती. ग्रे यांनी ती नाकारली आणि उलट दावा केला. १९९९ मध्ये खटला उभा राहण्याआधी दोघांनी न्यायालयाबाहेर तडजोड केली. कोण खरे, हे त्यामुळे कोणत्याच निकालात लिहिले गेले नाही. भाऊंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘म्हणजे दोघं एकाच गाडीत किती वर्षं फिरले म्हणता?’’ मी म्हणालो, जवळजवळ अठरा. त्यावर ते काही बोलले नाहीत.

चार दिवसांनी त्यांनी निर्णय सांगितला. मालिका चालू असेपर्यंत या दोघांच्या मालिकेतल्या मानधनावर एक रुपयाही कमिशन घ्यायचे नाही. प्रत्येकाला दिवसाला १० हजार, महिन्याला साधारण २२ दिवस, आणि वाहिनीचे पैसे येवोत न येवोत, महिना संपल्यावर ३० दिवसांत कलाकारांचे पैसे चुकते. आणि त्यांच्या वतीने भाऊंशी करार करायला नांदेडचे एक वकील, ज्यांना नाटकवाल्यांचे करार ठाऊक होते. दोघांचे मिळून महिन्याचे मानधन ४ लाख ४० हजार. त्यावरचे कमिशन ६६ हजार. मालिका अकरा महिने चालली, म्हणजे भाऊंनी ७ लाख २६ हजार रुपये सोडले. मी हे ज्यांना ज्यांना सांगितले ते सगळे या आकड्याने भारावतात. माझे तसे होत नाही. वकिलांची फी भाऊंनीच दिली होती, आणि दिवसाचे १० हजार हा दर भाऊंनी आधी ठरवला व वकिलांनी मान्य केला. घासाघीस झाली असती तर कदाचित १२ झाले असते. दिवसाचे हे २ हजार दोघांचे आणि अकरा महिन्यांचे धरले तर ती रक्कम सोडलेल्या कमिशनहून जास्त भरते. भाऊंच्या मनात हे गणित होते असे मी म्हणत नाही. पण ज्याने दर ठरवायचा त्यानेच समोरच्या बाजूचा वकीलही नेमायचा, हे मला तेव्हाही खटकले होते आणि मी बोललो नव्हतो.

पैशांची सोय त्यांनी संभाजीनगरातला भूखंड तारण ठेवून, काही कर्ज आणि काही उसनवारी करून केली. कलाकारांचे ३० दिवस एकदाही चुकले नाहीत. एकदा जीएसटीची २० तारीख आणि कलाकारांचा हप्ता एकाच आठवड्यात आला, तेव्हा त्यांनी कर दंडासह उशिरा भरला आणि हप्ता वेळेवर दिला. सल्लागार म्हणून मला ते आवडायला नको होते.

वाहिनीशी करार करण्याच्या आदल्या रात्रीची बैठक मला तपशिलासह आठवते. माळ्यावरचे कार्यालय, पंखा बंद, कारण कागद उडत होते. चौतीस पानांचा स्पायरल केलेला मसुदा टेबलावर, आणि त्याला मी लावलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या : देयके, उशिराचा दंड, करकपात, मालिका बंद करण्याची सूचना. सात चिठ्ठ्या होत्या आणि सातही पैशांच्या कलमांवर. जोडीतला धाकटा कोपऱ्यातल्या पेटीवर बसून चहा घेत होता. मसुदा इंग्रजीत होता. त्याने पानांकडे पाहत विचारले, ‘‘भाऊ, आमची नावं आमचीच ऱ्हातील ना?’’ भाऊ म्हणाले, ‘‘ते मपल्यावर सोड.’’ त्यांनी हे खोटेपणाने म्हटले नाही. ते गेली अकरा वर्षे त्याला हेच सांगत आले होते आणि अकरा वर्षे ते खरे ठरले होते.

शेवटच्या जोडपत्रात मालिकेतली सर्व पात्रे, त्यांची नावे, वेशभूषा, लकबी आणि ठरावीक वाक्ये यांचे हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी वाहिनीकडे जातील, असे कलम होते. निर्मितीच्या करारात असे कलम येणे नवे नाही. वाहिनी पैसे घालते आणि मालकी मागते. पण इथे पात्रे मालिकेसाठी जन्मलेली नव्हती. ती या दोघांची नऊ वर्षांची पुंजी होती, आणि भाऊ त्यांच्या मालकीची नसलेली वस्तू लिहून देत होते. वकील कलाकार आणि भाऊ यांच्या कराराला हजर होते. भाऊ आणि वाहिनी यांच्या कराराला नव्हते, कारण त्यांना त्यासाठी नेमलेच नव्हते. कलाकारांच्या करारात ‘निर्मितीसाठी आवश्यक त्या सर्व संमती’ देण्याचे एक गुळमुळीत वाक्य होते, ते वकिलांनी अभिनयापुरते समजून राहू दिले. मी जोडपत्र उघडलेही नव्हते. सोडलेल्या कमिशनची, ३० दिवसांची, वेगळ्या वकिलाची जी काळजी भाऊंनी घेतली ती सगळी दोन पक्षांमधल्या पैशांची होती. त्या टेबलावर निर्माता हजर होता आणि मॅनेजर घरी बसलेला होता, हे कोणाच्याच लक्षात आले नाही, कारण दोघांचा चेहरा एकच होता.

२०२३ च्या सुरुवातीला मालिका लागली. पहिले चार महिने आकडे बरे होते. दर गुरुवारी टीआरपी आला की सेटवर दुपारचे जेवण कसे होणार ते कळत असे. पुढे वेळ बदलली, मग पुन्हा बदलली, आणि वर्ष संपता संपता वाहिनीने एक महिन्याची सूचना देऊन मालिका थांबवली. व्याज, पावसात वाया गेलेले दिवस आणि शेवटच्या बिलातल्या कपाती वजा जाऊन भाऊंच्या हाती ३० लाखांच्या आसपास राहिले. एवढ्या रकमेसाठी दीड कोटीहून जास्त पैसा वर्षभर टांगणीला लावणे शहाणपणाचे होते का, हा वेगळा प्रश्न आहे. पण पहिल्या मालिकेत भूखंड शाबूत राहिला, हेच या धंद्यातले लोक यश मानतात, आणि नंतर भाऊंना दोन छोट्या कार्यक्रमांची निर्मिती मिळाली ती याच जोरावर.

जोडीची नाइट ४० हजारांवरून सव्वा लाखावर गेली. रंगमंचाच्या तारखांवर भाऊंचे १५ टक्के पूर्ववत सुरू झाले, म्हणजे एका रात्रीचे १८ हजार ७५०. मालिकेचे खरे फळ हेच होते, आणि ते तीन महिनेही टिकले नाही. एका तालुक्याच्या गावच्या आयोजकाने फ्लेक्सवर दोन्ही पात्रांची नावे मोठ्या अक्षरांत छापली, कार्यक्रमाची चित्रफीत फिरली आणि वाहिनीच्या विधी विभागाचे पत्र भाऊंना आले. पत्र कलाकारांना नव्हते. करार भाऊंनी केला होता.

त्या रात्री धाकटा कार्यालयात आला. मी नव्हतो, भाऊंनीच नंतर सांगितले. तो ओरडला नाही. पेटीवर बसला आणि म्हणाला, ‘‘तुम्ही म्हणला व्हतात, मपल्यावर सोड.’’

कायद्याच्या बाजूने काही आधार होता. पात्राला स्वतंत्र संरक्षण असू शकते, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये चुलबुल पांडे या पात्राच्या प्रकरणात मानले आहे. स्वामित्वहक्क लिहून देण्याचा अधिकार मुळात ज्याच्याकडे हक्क आहे त्यालाच असतो, आणि तो लेखी द्यावा लागतो. लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. इथे ती ‘कायम’ अशी लिहिली होती, म्हणून हा आधार उपयोगाचा नव्हता. संहिता नसल्यामुळे पात्रे आधीची आहेत हे दाखवायला कागद काहीच नव्हता. तिथे २०१७ च्या यूट्यूबवरच्या चित्रफिती कामी आल्या, कारण त्यांवर तारीख असते. आणि भाऊंची लाल वही कामी आली, कारण तिच्या डाव्या पानावर गावाच्या नावापुढे ते कंसात पात्रांची नावे लिहीत असत. या वेळी वकील कलाकारांनी स्वतः शोधला आणि फीही स्वतःच दिली. भाऊंनी वहीच्या प्रती काढून त्याच्याकडे पाठवल्या. त्या प्रती भाऊंच्याच कराराविरुद्धचा पुरावा होत्या. ते त्यांना ठाऊक होते.

पत्रव्यवहार आठ महिने चालला. तडजोडीत वाहिनीने रंगमंचावर पात्रे सादर करण्याची परवानगी दिली, पण नावे आणि दोन ठरावीक वाक्ये वगळून, आणि कार्यक्रमाच्या चित्रफिती इंटरनेटवर टाकायच्या नाहीत या अटीवर. तोवर नऊ आयोजकांनी तारखा काढून घेतल्या होत्या. नाइट ९० हजारांवर स्थिरावली. मोठा भाऊंकडेच राहिला. धाकट्याच्या तारखा आता नांदेडचा दुसरा मॅनेजर बघतो, आणि जोडीचा कार्यक्रम असला की दोन मॅनेजरांना आधी एकमेकांशी बोलावे लागते. कमिशन साडेसात-साडेसात टक्के.

भाऊंनी वहीत एक रकाना वाढवला आहे. कोणताही करार आला की त्यात कलाकाराचे काय जाते ते तिथे लिहायचे, आणि ते कलाकाराने स्वतःच्या हाताने लिहायचे. परवा एका गायिकेने तिथे ‘आवाज’ एवढेच लिहिले होते. भाऊंनी ते पान माझ्यापुढे धरून विचारले, की याचा करारात नेमका अर्थ काय होतो. मी मसुदा मागून घेतला आहे, जोडपत्रांसकट.